फीचे पैसे कापसाचे आहेत, तारीख घाईने घेऊ नकोस

पत्र : ताई, मी अमळनेर तालुक्यातला. वय २४. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालंय. सध्या गावोगावी फायबरची कनेक्शनं आणि सीसीटीव्ही कॅमेरे बसवतो. मला सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, द्यायची आहे. वडिलांनी कापूस विकला त्यातून फीचे पैसे बाजूला काढून ठेवलेत. ओळखीच्या एकाने व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवलीय. तो म्हणतो, हे पाठ कर, यातलंच येतं. पुण्यातला एक क्लास पास होण्याची हमी देतो. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे खरं सांगू का, माले इंग्रजीनी भीती वाटस. पुढच्या महिन्याची तारीख घेऊन टाकू का? घरी बसूनही परीक्षा देता येते म्हणे, तशी देऊ का? आणि वडील विचारतात, हे झालं की नोकरी लागेल ना?

उत्तर :

भाऊ,

आधी तारखेचं बोलू, कारण तिथे तुझे पैसे अडकलेत. पुढच्या महिन्याची तारीख घेऊ नकोस.

तुला खूप जण सांगतील की तारीख घेऊन टाक, डोक्यावर टांगती तलवार असली की अभ्यास होतो. ज्यांची फी कंपनी भरते त्यांचं हे बरोबर आहे. तुझी गोष्ट वेगळी आहे. सीसीएनएची फी ३०० डॉलर, वर कर. सगळं मिळून तीस हजारांच्या आसपास जातं. २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे ही एक परीक्षा म्हणजे चार क्विंटल कापूस, आणि तोही हमीभाव हातात पडला तर. नापास झालास तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. सवलत नाही, अर्धी फी नाही. तुझ्या घरात दुसऱ्या वेळेचे चार क्विंटल बाजूला काढलेले नसणार.

मग तारीख कधी घ्यायची? मी सांगते ते एका रविवारी करून बघ. पॅकेट ट्रेसर हे लॅपटॉपवर लुटुपुटूचं नेटवर्क उभं करायचं सॉफ्टवेअर उघड, कोरी फाइल घे. दोन राउटर, दोन स्विच, चार-सहा पीसी. तीन व्हीलॅन कर, म्हणजे त्याच स्विचवर तीन वेगळी नेटवर्कं. स्विचच्या मध्ये त्या सगळ्यांना नेणारी ट्रंक लाव, एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात जायला राउटिंग चालू कर. दोन राउटरमध्ये ओएसपीएफ (ज्याने राउटर एकमेकांना वाटा कळवतात), एका राउटरवर पत्ते वाटणारा डीएचसीपी, एकाच पत्त्यावरून बाहेर जायला नॅट, एका व्हीलॅनला दुसऱ्यात जायला मनाई करणारी ॲक्सेस लिस्ट, आणि राउटरवर दुरून शिरायला असुरक्षित टेलनेट बंद करून फक्त सुरक्षित एसएसएच. वही बंद, यूट्यूब बंद, मोबाइल दुसऱ्या खोलीत. हे सगळं तुझ्या हातून दोन-अडीच तासांत उभं राहिलं आणि अडलं तिथे का अडलं हे तुझं तुला शोधता आलं, तर त्या संध्याकाळी तारीख घे, तीन-चार आठवड्यांनंतरची. नाही जमलं तर कुठे अडलास ते लिहून ठेव आणि त्याच्यावर काम कर. या एका रविवारने तुला तुझी तयारी जेवढी कळेल तेवढी कुठल्या मॉक टेस्टने कळणार नाही.

पॅकेट ट्रेसर फुकट आहे. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीच्या साइटवर खातं उघडलं की उतरवून घेता येतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. सुरुवातीला खरे राउटर-स्विच विकत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस.

आता तुझी जमेची बाजू, जी तू पत्रात एका ओळीत उरकून टाकलीस. तू कॅमेरे बसवतोस. एका ठिकाणी एकाच कंपनीचे दोन नवे कॅमेरे लावले आणि दोन्ही कारखान्यातून आलेल्या एकाच आयपीवर असले, की एक दिसतो, मग गायब होतो, मग दुसरा दिसतो. हे तू डोळ्यांनी पाहिलेलं असणार आणि एकाचा आयपी बदलून मिटवलंही असणार. पुस्तकात जिथे एआरपीचा, म्हणजे आयपीवरून यंत्राचा स्वतःचा मॅक पत्ता शोधण्याचा, धडा येईल, तिथे थांबून हाच प्रसंग आठव. एकाच आयपीसाठी दोन वेगवेगळे मॅक पत्ते उत्तर देतायत, म्हणून तो गोंधळ. घरोघरी राउटर लावतोस, तो आत १९२.१६८ चे पत्ते वाटतो तो डीएचसीपी, आणि एकाच बाहेरच्या पत्त्यावरून सगळं घर इंटरनेट वापरतं तो नॅट. केबलमधूनच वीज देणाऱ्या पीओई स्विचवर कॅमेरा चालू होत नाही म्हणून तू केबल पुन्हा क्रिम्प करतोस, ते पीओईही अभ्यासक्रमात आहे. कॉलेजातून थेट परीक्षेला बसणाऱ्या मुलाला या गोष्टी कल्पनेने समजून घ्याव्या लागतात. तुला फक्त त्यांची पुस्तकातली नावं जोडायची आहेत.

तुझी कच्ची बाजू राउटिंगची असेल, कारण गावातल्या कनेक्शनवर त्याच्याशी संबंध येत नाही. आणि नेमका पेपरात सर्वांत मोठा वाटा त्याचाच, २५ टक्के. नेटवर्कची मूलतत्त्वं २०, स्विचिंग आणि वायरलेस २०, सुरक्षा १५, नॅट-डीएचसीपीसारख्या सेवा १० आणि ऑटोमेशन १०. परीक्षेचा क्रमांक २००-३०१ आहे आणि २०२४ च्या ऑगस्टपासून तिची १.१ ही आवृत्ती चालू आहे. पुस्तक किंवा व्हिडिओ घेताना ते या आवृत्तीचं आहे ना, बघून घे. एखाद्या मित्राकडून मिळालेलं २०२० च्या आधीचं पुस्तक असेल तर सरळ बाजूला ठेव, तेव्हा परीक्षेची रचनाच वेगळी होती.

राउटिंग कसं करायचं, ते जरा सविस्तर सांगते, कारण इथेच लोक पाठांतरावर जातात आणि आपटतात. दोन राउटर इथरनेट केबलने जोड. एकाला १०.०.०.१ दे, /३० मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते सांगणारा आकडा). दुसऱ्याला १०.०.०.२, पण मुद्दाम /२९ मास्क. पिंग कर, म्हणजे समोरचा उत्तर देतो का ते बघ. पिंग जाईल. आता दोन्हींवर ओएसपीएफ चालू कर आणि शो आयपी ओएसपीएफ नेबर ही कमांड दे. ज्या राउटरशी ओएसपीएफ जुळलं त्या शेजाऱ्यांची यादी रिकामी. केबल बरोबर, पिंग बरोबर, एरिया बरोबर, तरी शेजारी जुळत नाहीत, कारण ओएसपीएफ शेजाऱ्याची ओळख करून घेणाऱ्या हॅलो पाकिटात मास्क तपासतो आणि पिंग तो तपासत नाही. मास्क दुरुस्त कर, शेजारी जुळतील. मग एका बाजूचा हॅलो टायमर १० सेकंदांवरून १५ कर आणि घड्याळ लावून बस. चाळीस सेकंदांच्या आत-बाहेर शेजारी पडेल. मग एरिया वेगळा करून बघ, मग इंटरफेस पॅसिव्ह करून बघ. प्रत्येक वेळी कमांडचं उत्तर काय दिसतं ते वहीत लिही. अशा एका संध्याकाळनंतर 'शेजारी का जुळत नाहीत' या प्रकारच्या कुठल्याही प्रश्नाला तू घाबरणार नाहीस, मग तो कसाही फिरवून विचारलेला असो.

तसंच राउटिंग टेबलचं. पाकीट १०.१.१.५ ला जायचंय. टेबलात १०.१.०.०/१६ ची स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेली, वाट आहे आणि १०.१.१.०/२४ ची ओएसपीएफने शिकलेली. स्टॅटिकचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (वाटेच्या भरवशाचा आकडा, जितका लहान तितका चांगला) १, ओएसपीएफचं ११०. निम्मे जण इथे स्टॅटिक निवडतात, कारण एक हा आकडा लहान आहे. पाकीट जातं ओएसपीएफच्या वाटेने. आधी जास्त नेमकी वाट बघितली जाते, इथे /२४. डिस्टन्सची तुलना होते ती नेटवर्क आणि मास्क दोन्ही अगदी तेच असतील तेव्हाच. कागदावर असे दहा टेबल स्वतः बनव आणि स्वतःच सोडव.

सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडणं, मात्र रोज. जेवण झाल्यावर दहा मिनिटं, खाडा नाही. १९२.१६८.५.७७/२७ असं दिलं की डोक्यात ३२ चे ठोके पडले पाहिजेत, ०, ३२, ६४, ९६. ७७ बसतो ६४ च्या घरात, म्हणजे नेटवर्क ६४, सगळ्यांना एकदम पाठवायचा ब्रॉडकास्ट पत्ता ९५, वापरायला ६५ ते ९४, एकूण ३०. सुरुवातीला पाच मिनिटं लागतील. अर्ध्या मिनिटावर येईपर्यंत सोडू नकोस. बाकी ऑटोमेशनचा भाग शेवटी ठेव. जेसॉन (माहिती लिहायची एक पद्धत) वाचता येणं, रेस्ट एपीआय म्हणजे काय, सगळं एका जागेवरून चालवणारा कंट्रोलर आल्याने नेटवर्क चालवण्यात काय फरक पडतो, एवढं नीट समजलं तरी बरंच निभतं.

आता त्या पीडीएफचं. ती मोबाइलमधून काढून टाक, आजच. असल्या पीडीएफला डम्प म्हणतात, म्हणजे कुणीतरी परीक्षेतले प्रश्न बाहेर आणून विकलेले. परीक्षा सुरू होण्याआधी पडद्यावर एक करार येतो, प्रश्न कुणाला सांगणार नाही आणि गैरमार्ग वापरणार नाही असा. तो मान्य केल्याशिवाय पेपर उघडत नाही. तो मोडल्याचं आढळलं तर निकाल रद्द होऊ शकतो, मिळालेलं सर्टिफिकेट काढून घेतलं जाऊ शकतं, पुढे बसायला बंदी येऊ शकते. शिवाय त्या पीडीएफमधली कित्येक उत्तरं चुकीची असतात आणि पाठ करणाऱ्याला ती चूक कळत नाही.

पण मला जास्त राग येतो तो दुसऱ्या कारणासाठी. मी मुलाखती घेते. डम्प पाठ करून पास झालेली मुलं समोर येतात. सर्टिफिकेट खरं, फी खरी, आईवडिलांनी कुठून कुठून गोळा केलेले पैसे खरे. मी साधं विचारते, दोन पीसी एकाच व्हीलॅनमध्ये आहेत, वेगवेगळ्या स्विचवर आहेत, पिंग होत नाही, कुठून बघायला सुरुवात करशील? आणि मुलगा गप्प बसतो. ट्रंकवरून तो व्हीलॅन जाऊ दिलाय का हे बघायचं त्याला सुचत नाही, कारण त्याने स्वतः कधी ट्रंक लावलेलीच नसते. त्या मुलाला नाही म्हणताना पोटात तुटतं. त्याला फसवलेलं असतं, आणि तो हुशार असतो. तुझ्यावर ती पाळी येऊ नये.

क्लासचं थोडक्यात. पासाची हमी कुणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही, कारण पेपर क्लासच्या हातात नसतो. जो हमी देतो तो बहुतेक वेळा तीच पीडीएफ महाग विकतो. क्लास वाईटच असतो असं माझं म्हणणं नाही. ज्याला एकट्याने अभ्यास होत नाही त्याने चांगला क्लास जरूर लावावा. जायचंच असेल तर आधी विचार, प्रत्येक मुलाला लॅबवर किती तास बसायला मिळतं, आणि एक तास बसून बघू द्याल का. बसू दिलं नाही तर परत ये. तुझ्याकडे कामाचा अनुभव आहे, लॅपटॉप आहे, रात्रीचे दोन-तीन तास आहेत. मला विचारशील तर क्लासची फी वाचव. ताणून धरलंस तर पाच-सहा महिने पुरतात. पावसाळ्यात तुझी लाइनची कामं वाढतात, तेव्हा रोज लॅब होणार नाही. त्या दिवसांत नुसतं सबनेटिंग चालू ठेव.

इंग्रजीची भीती. तुझं पत्र वाचून मला वाटत नाही की तुला इंग्रजी येत नाही. कॉलेजात तीन वर्षं तू त्यातच पेपर लिहिलेस. तुला भीती आहे ती घाईत वाचण्याची, आणि ती सवयीने जाते. या परीक्षेला वेळ १२० मिनिटं. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव, पुढच्या प्रश्नावर गेलास की मागे येता येत नाही. आपल्याकडे 'अवघड प्रश्न शेवटी सोडवतो' ही सवय शाळेपासून लागलेली असते, ती इथे चालत नाही. म्हणून आतापासून तसाच सराव कर. सराव प्रश्न घेताना आधी प्रश्नाची शेवटची ओळ वाच, नेमकं काय विचारलंय तिथे असतं. दोन निवडा म्हटलंय की एक, कोणतं चूक आहे असं विचारलंय की कोणतं बरोबर, हे बोटाने दाखवून वाच. मगच वरची गोष्ट वाच, आकृती बघ. रोज रात्री सिस्कोच्या साइटवरचं एखाद्या विषयाचं एक पान इंग्रजीतूनच वाच आणि तेच आईला किंवा मित्राला आपल्या अहिराणीत समजावून सांग. त्यांना सगळं कळलं नाही तरी चालेल. सांगताना तू जिथे अडखळशील, तिथे तुला समजलेलं नसतं.

वडिलांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि त्याचं उत्तर तू त्यांना खरं दिलं पाहिजेस. नुसत्या सर्टिफिकेटने नोकरी लागत नाही. त्याने तुझा अर्ज बाजूला पडत नाही आणि मुलाखतीला बोलावणं येतं. पुढचं तुझ्या हातातल्या कामावर. अमळनेरात आयटी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर विप्रो येते. १९४५ साली तुमच्याच गावात वनस्पती तुपाच्या कारखान्यातून ती सुरू झाली, तिच्या शेअरच्या गोष्टी वडिलांनी ऐकलेल्या असतील. तेव्हा त्यांना आधीच सांग की तुझी पहिली नोकरी तशा थाटाची नसेल. बहुधा पुण्यात एखाद्या कंपनीच्या नेटवर्क कंट्रोल रूममध्ये, पाळीने, रात्रपाळी धरून, पडद्यावर लाल दिवा लागला की आधी तपासायचं आणि मग वरच्या इंजिनियरला कळवायचं, असं काम. पगार सुरुवातीला फार नसतो आणि पुण्यात खोलीचं भाडं असतं. दोन-तीन वर्षांनी तिथून वाट फुटते. सर्टिफिकेटची मुदत तीन वर्षं असते, तेव्हा तोवर पुढची परीक्षा देऊन ते चालूही ठेवता येतं. हे ऐकून वडील हो म्हणाले तर ते पैसे वापर. आणि अर्जात फायबर आणि कॅमेऱ्यांचं काम लपवू नकोस. किती तरी मुलं 'टेक्निशियन' लिहायला लाजतात. शिडीवर चढून पाऊस पडत असताना लाइन जोडलेला मुलगा मला टीममध्ये हवा असतो.

घरून परीक्षा देऊ नकोस. नियम असा की खोलीत तू एकटा, टेबल मोकळं, फोन हाताबाहेर, कॅमेरा पूर्ण वेळ चालू. मध्ये कुणी आत आलं किंवा तू ओठ हलवत प्रश्न वाचलास तरी परीक्षा थांबवली जाऊ शकते. आपल्या घरात दार लोटून आत यायला कुणी परवानगी मागत नाही. विजेचं तर तुला माहीतच आहे. इन्व्हर्टरवर तुझा राउटर चालेल, पण पलीकडे जेसीबीने फायबर तोडली तर ती जोडायला तुलाच जावं लागेल. ही परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या साइटवर केंद्रांची यादी दिसते. धुळ्यामार्गे नाशिक बघ, पुणे-संभाजीनगर बघ, अमळनेरहून सुरतेला थेट गाडी आहे म्हणून तिथलंही बघ. जवळचं घेण्यापेक्षा जिथे आदल्या रात्री मुक्कामाला नातेवाईक असेल ते घे. एप्रिल-मे टाळता आला तर टाळ, ४४-४५ अंशांत एसटीने उतरून लगेच पेपरला बसणं सोपं नाही. तारीख बदलायची वेळ आलीच तर किमान चोवीस तास आधी बदल. नुसतं गेला नाहीस तर फी बुडते.

बुकिंग करण्याआधी नावाचं बघ. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पॅनकार्डावर क्रम वेगळा, आधारवर कधी तिसराच, आणि चौधरी-पाटलांचं स्पेलिंगही कागदागणिक बदलतं. पिअर्सन व्ह्यूच्या खात्यात नाव लिहिताना जे ओळखपत्र तू नेणार आहेस त्याच्यावर जसं आहे अक्षरन् अक्षर तसंच लिही. फोटो आणि सही दोन्ही असलेलं मूळ सरकारी ओळखपत्र ने, सोबत दुसरं एक असू दे. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. कोणती ओळखपत्रं चालतात त्याची यादी बुकिंगच्या मेलमध्ये असते. ती आठवडाभर आधी वाच, म्हणजे काही दुरुस्त करायचं असेल तर वेळ मिळेल. दारातून परत पाठवलं तर फी परत येत नाही.

केंद्रात फोन, पाकीट, घड्याळ सगळं लॉकरमध्ये ठेवायला लावतात. लिहायला पुसता येणारा बोर्ड आणि मार्कर देतात. पेपर सुरू झाला की पहिल्या मिनिटात त्या बोर्डावर १२८, ६४, ३२, १६ ची ओळ आणि मास्कचे आकडे उतरवून काढ, मग सबनेटिंग करताना डोकं मोकळं राहतं. साध्या प्रश्नाला मिनिटभर, लॅबच्या प्रश्नाला आठ-दहा मिनिटं, असा हिशोब धर. लॅबमध्ये कॉन्फिगरेशन सेव्ह करायला सांगितलं असेल तर ते केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. एखादा प्रश्न अजिबात सुचला नाही तर अंदाजाने उत्तर देऊन सोड आणि त्याचा विचार तिथेच थांबव.

निकालाबरोबर विभागवार टक्के दाखवणारा अहवाल मिळतो. पास झालास तरी आणि नाही झालास तरी तो जपून ठेव. नापास झालास तर पाच दिवसांनी लगेच पुन्हा बसायची घाई नको. ज्या विभागात टक्के कमी आहेत त्याच्या लॅब पुन्हा उभ्या कर, आणि दुसऱ्या फीचं घरी आधी बोलून घे. तो रविवार करून पाहिलास की कुठे अडलास ते मला लिही. व्हीलॅन की ओएसपीएफ, एवढं जरी कळवलंस तरी पुढे काय करायचं ते नेमकं सांगता येईल.

तुझी,
ताई